सैल खोली

१

नाश्ता झाला की मी घरामागच्या टेकडीवर जातो, एका लाकडी खोक्यात बसतो आणि सुतारपक्ष्यांकडे पाहतो. निवृत्त माणसाने काहीतरी करत राहावं असं सगळेच सांगतात. काय करावं ते कोणी सांगत नाही. म्हणून मी हे निवडलं. खोक्यात एक स्टूल आहे, समोर एक फट आहे, आणि फटीतून तो जुना वठलेला ओक दिसतो. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत त्याला भोकं आहेत, देवीच्या व्रणांसारखी, आणि प्रत्येक भोकात एकेक ओकफळ ठोकून बसवलेलं. हे पक्ष्यांचं कोठार. त्यांच्या आजोबांनी सुरू केलं, नातवंडं चालवतायत. खालच्या संशोधन केंद्रातल्या सोरेन्सनबाईंनी पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी अडकवली आहेत. कुठल्या कड्याचा पक्षी काय करतो ते मी पाहायचं आणि बाईंना सांगायचं, एवढंच काम.

पक्ष्यांचं काम जास्त किचकट. ओकफळ ताजं असतं तेव्हा भोकात घट्ट बसतं. मग ते सुकतं, आक्रसतं आणि वाऱ्याने खुळखुळायला लागतं. सैल फळ कोणीही चोर उपसून नेतो. म्हणून घरातला कोणी ना कोणी दिवसभर कोठारावर फिरत असतो. चोचीने टकटक करायची, मान कलती करून ऐकायचं, फळ खुळखुळलं की काढायचं आणि त्याच्या मापाचं लहान भोक शोधायचं. एकात बसवून बघायचं, काढायचं, दुसऱ्यात बघायचं. घट्ट बसलं की पुन्हा एकदा टकटक. मग डोक्यावरची लाल टोपी मिरवत, घशात दगड अडकल्यासारखं हसत, पुढच्या फळाकडे. काका, आत्या, पुतणे सगळे एका झाडावर. बाहेरून बघणाऱ्याला एकत्र कुटुंब, आतून भाऊबंदकी. एका बहिणीने घातलेली अंडी दुसरी फोडते, आणि संध्याकाळी दोघी शेजारी बसतात. मला हे सगळं ओळखीचं वाटतं.

माझी थोरली बहीण फिलोमेना, म्हणजे मेना, गेल्या हिवाळ्यापासून माझ्याकडे राहते. फ्रेस्नो शहरात स्वतःच्या स्वयंपाकघरात ती पडली आणि तिच्या मुलाने, डॅरेलने, लगेच एक वृद्धांचं घर बघून ठेवलं. जिथे घरासारखं काहीही नसतं त्या जागेला घर म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे. मेना ते बघून आली आणि तिने मला फोन केला.

"तिथली पोरगी मला सोनुली म्हणाली," ती म्हणाली. "माझा जन्म गेला गाईंच्या धारा काढण्यात. मला सोनुली म्हणते."

मी गाडी काढली आणि तिला इकडे घेऊन आलो. डॅरेलने त्यासाठी मला माफ केलेलं नाही. मीही माफी मागितलेली नाही. त्याच्याकडे तिच्या सहीचं कुलमुखत्यारपत्र आहे आणि ते तो खिशातल्या चाकूसारखं वापरतो. "मामा, एकदा जरी तुझ्याकडून हयगय झाली तर मी तिला घेऊन जाईन," असं तो दर रविवारी फोनवर सांगतो. तिला इथून कोणी नेऊ नये, एवढीच माझी मागणी होती. माझ्या वयाच्या माणसाच्या मागण्या आपोआप थोड्या होतात.

२

ऑक्टोबर लागला, ओकांखाली फळांचा सडा पडायला लागला. एका सकाळी गोड पावाला लोणी लावता लावता मेना म्हणाली, "अन्सेल्मो, ती खोली मला सैल होते."

मी वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही. "हीटर वाढवू?"

"थंडीचं नाही बोलत मी. सैल होते म्हणतेय."

"चप्पल सैल होते, मेना. खोली मोठी असते."

"दुसऱ्याला बोलायला शिकवायची तुझी खोड काही जायची नाही. अरे, आडवी झाले की कुठल्याच बाजूला काही लागत नाही. सारखं खुळखुळल्यासारखं होतं. मला शिवणाची खोली दे."

माझी सगळी नोकरी जिल्ह्याच्या घरपट्टी कचेरीत गेली. लोक यायचे आणि सांगायचे, साहेब, आमचं घर तुमच्या कागदावर आहे त्यापेक्षा लहान आहे हो. मी शांतपणे सांगायचो की घर लहान होत नसतं, माणसाची ऐपत लहान होते. पण घर तेवढंच राहिलं आणि आम्हीच लहान झालो, अशी तक्रार घेऊन कधी कोणी आलं नव्हतं. तिच्यासाठी आमच्याकडे फॉर्मसुद्धा नव्हता.

पलंग मी एकट्याने सरकवला. शिवणाची खोली म्हणजे पश्चिमेच्या भिंतीला चिकटलेली एक पट्टी. वडिलांनी हे घर रेडवुडच्या फळ्यांचं बांधलं, बाहेर एक फळी, आत एक फळी, मध्ये पोकळी. आणि आईच्या मशीनपुरती ही जागा उरली. पलंग ठेवल्यावर माणसाला उभं राहायला जेमतेम जागा. मेना आडवी झाली. एका हाताने भिंत, दुसऱ्या हाताने कपाट तिने चाचपलं आणि म्हणाली, "हं." माझ्या कमरेने तो पलंग बरेच दिवस लक्षात ठेवला.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर निघालो तर तिच्या खिडकीशेजारी भिंतीला एक पक्षी चिकटलेला. पायात पिवळं कडं, म्हणजे माझ्याच कोठारावरचा. चोचीत फळ नव्हतं. त्याने फळीवर टकटक केली, मान कलती केली, ऐकलं. वीतभर खाली सरकला. पुन्हा टकटक. पुन्हा ऐकलं.

फळ घट्ट बसलंय का हे पाहताना ते जे करतात, हुबेहूब तेच. फक्त या भिंतीत फळ दिसत नव्हतं. भिंतीच्या पलीकडे, तिला टेकून, मेना झोपली होती.

मी टोपी फेकून मारली. तो हसत उडाला. फळीत किडे झाले असतील, मी स्वतःला समजावलं. सुतारपक्षी किडे शोधतो, यात नवल ते काय. हे पक्षी किडे बहुतेक हवेत उडताना पकडतात, हे मला ठाऊक होतं. पण स्वतःला समजावताना माणूस फार खोलात जात नाही.

३

सोरेन्सनबाई चहाला आल्या तेव्हा मी त्यांना भिंत दाखवली. वळचणीखाली काही जुनी भोकं होतीच, तोवर नवीही बरीच झाली होती.

"ब्रुमसाहेब," त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुमची भिंत गेली."

"कितीशी गेली?"

"ते उघडल्याशिवाय नाही कळायचं. झाडात कसं, भोकाला तळ असतो. इथे फळीच्या आरपार भोक पडलं की फळ आतल्या पोकळीत जातं. पक्ष्याला वाटतं, भोक रिकामंच आहे की. तो दुसरं टाकतो. मग तिसरं. अशी एक भिंत उघडलेली मी पाहिलीय. स्वयंपाकघरात गुडघाभर फळं झाली होती."

"म्हणजे मूर्ख आहेत."

"मूर्ख नाहीत. भरेपर्यंत थांबायचं नाही, एवढंच त्यांना कळतं."

"अशी माणसं आमच्या कचेरीतही होती. त्यांना बढती मिळायची."

बाई हसल्या. मग म्हणाल्या, "पावसाआधी पत्रा मारून घ्या, सगळे मारतात. फक्त आधी भिंत उघडून आतलं सगळं काढा, मग पत्रा. घाईघाईत उलटं करू नका. आत काही राहिलं की भलतीच भानगड होते. बाहेरचे पक्षी तर वेडेपिसे होतात."

बोलता बोलता त्यांनी एका भोकात बोट घातलं आणि त्यांचं हसू जरा थांबलं.

"काय झालं?"

"कडा गुळगुळीत आहेत. आतल्या बाजूने झिजल्यासारख्या."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. लाकूड जुनं आहे तुमचं."

शिकलेली माणसं 'काही नाही' म्हणतात तेव्हा मला त्यांचा फार राग येतो. अडाणी माणूस निदान भूत तरी म्हणतो.

मेनाने त्यांना चहा दिला. चहाचा डबा ती पूर्वी वरच्या कप्प्यातून हात उंचावून काढायची. त्या दिवशी मधल्या कप्प्यासाठी तिने स्टूल घेतलं. निळ्या स्वेटरच्या बाह्या दुमडून दुमडून कोपराशी गोळा झाल्या होत्या.

"तब्येत काय म्हणतेय?" बाईंनी विचारलं.

"छान," मेना म्हणाली. "आता कुठे जरा बसायला लागलंय."

गाडीपाशी गेल्यावर सोरेन्सनबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला एकदा दाखवून आणा. फार बारीक झाल्यासारख्या..."

"म्हातारपणी मणके बसतात," मी म्हणालो. "डॉक्टरांनीच सांगितलंय. तुम्ही पक्ष्यांचं बघा."

डॉक्टरांनी खरंच तसं सांगितलं होतं. मणके खरंच बसतात. मी ते इतक्या वेळा घोकलं की शेवटी त्यातला एकही शब्द खरा वाटेना.

४

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी टेकडीवरून परतलो तर शिवणाच्या खोलीत मेना नव्हती. पलंग नीट आवरलेला. ती सापडली स्वयंपाकघरालगतच्या कोठीत. तिथे खिडकी नाही. तीन बाजूंना सामानाच्या फळ्या, त्यांतली दारासमोरची बाजू म्हणजे पश्चिमेची भिंत. त्या भिंतीलगतच्या सर्वांत खालच्या रुंद फळीवरची बटाट्यांची टोपली, डाळिंब्यांच्या बरण्या, सगळं तिने काढून ठेवलं होतं. कसं उचललं कोण जाणे. जागी गोधडी घातली होती आणि गोधडीवर ती स्वतः होती, भिंतीकडे पाठ करून.

"हे काय चाललंय?"

"माझी खोली."

"ही फळी आहे, मेना. इथे आपण बटाटे ठेवतो."

"बटाट्यांनी कधी तक्रार केली?"

"शिवणाच्या खोलीत काय कमी होतं?"

"कमी नव्हतं. जास्त होतं."

"डॅरेलने हे पाहिलं तर काय होईल ठाऊक आहे ना?"

"डॅरेलने मला कधी पाहिलंय?" असं म्हणून तिने हात मागे नेला आणि बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केली. दोन क्षण शांतता. मग बाहेरून तशीच टकटक आली.

"कोण आहे?" मी विचारलं.

"शेजारी," ती म्हणाली. "विचारतात, बसलं का. मी म्हणते, जरासंच राहिलंय."

तेव्हा मी ओरडलो. मी सहसा ओरडत नाही. घरपट्टीच्या खिडकीमागे माणूस न ओरडता राग काढायला शिकतो. पण त्या दिवशी ओरडलो. मी तुझ्यासाठी डॅरेलशी भांडलो, म्हणालो. तुझ्यासाठी हीटर दुरुस्त केला, तुझ्या पलंगापायी कंबर मोडली, आणि तू इथे बटाट्यांच्या जागी जाऊन बसतेस आणि पक्ष्यांशी गप्पा मारतेस.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "तुला कोणी सांगितलं होतं भांडायला? एकट्याने चहा पिववत नव्हता तुला, म्हणून आणलंस मला. जा आता. दार लोटून घे."

आणि गुरुवारी, न कळवता, डॅरेल आला. डॅरेल पोहण्याचे तलाव विकतो. आमच्या दुष्काळी जिल्ह्यात हा धंदा चालतो, यावरून त्याच्या जिभेची कल्पना यावी. कोठीच्या दारात उभं राहून त्याने आधी जमिनीवरची बटाट्यांची टोपली पाहिली, मग गोधडी.

"मामा," तो म्हणाला, "तू माझ्या आईला बटाट्यांत ठेवलंयस."

"तिचं तिनेच..."

"अरे, ती पंच्याऐंशीची आहे. उद्या म्हणाली मला पोस्टाच्या पेटीत टाक, तर टाकशील?"

"पेटीत ओल असते रे," फळीवरून मेना म्हणाली.

तो वाकला आणि तिला उचलायला त्याने दोन्ही हात घातले. मी दारातून त्याची पाठ तेवढी पाहत होतो. ती पाठ ताणली गेली, थांबली, पुन्हा ताणली गेली. मग तो सरळ झाला आणि मागे सरला. आपल्या हातांकडे बघत होता.

"काही वजनच नाही तिला," तो म्हणाला. आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता. "आणि मामा, ती हलेना. म्हणजे... ती घट्ट बसलीय."

"हळू ओढायचंस," मेना म्हणाली. "कातडं सोलतंय ना."

बाहेर गाडीपाशी तो पुन्हा तलाव विकणारा झाला. शनिवारी सकाळी येतो, नर्स आणतो, ॲम्ब्युलन्स आणतो. मामा, तू आडवा आलास तर शेरीफ आणि त्याचे पोलीस आणतो. हयगय नाही म्हणत याला, मामा. याला दुसरा शब्द आहे. तो शब्द त्याने उच्चारला नाही. मला त्याच्या थोबाडीत मारायची होती आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचं म्हणणं मला पटलं होतं.

५

शुक्रवारी सकाळी मी टेकडीवर गेलो नाही. माझा राग डॅरेलवर होता आणि मेनावर होता, पण दोघांनाही खिळे ठोकता येत नाहीत. भिंतीला येतात. हे सगळं त्या पक्ष्यांनी सुरू केलंय, एकदा भिंत बंद झाली की टकटक बंद होईल, टकटक बंद झाली की मेना शहाण्यासारखी पलंगावर येईल, आणि उद्या डॅरेल आला की तिथे पलंगावर बसलेली एक म्हातारी बाई असेल, बस्स. हा हिशेब मला त्या वेळी अगदी चोख वाटला. वडिलांच्या गोठ्यावरचे जुने पत्रे शेडमध्ये पडले होते, ते काढले. सोरेन्सनबाईंचं म्हणणं आठवलं नाही असं नाही. आठवलं. आधी उघडा, रिकामं करा, मग बंद करा. पण चिडलेल्या माणसाला रिकामं करायला सवड नसते.

मी ठोकायला लागलो तसे पक्षी जमू लागले. आधी पिवळ्या कड्याचा, मग बाकीचे. अंगणातल्या ओकावर ओळीने बसले. हसत नव्हते. हे पक्षी गप्प बसलेले मी कधी पाहिले नव्हते.

शिवणाच्या खोलीची बाजू झाली. कोठीच्या बाजूला आलो. ओठांत खिळे, गुडघ्याने पत्रा दाबलेला, हातोडी उचलली.

"तिथे नको," मेना म्हणाली. "जरा वर ठोक."

आवाज इतका जवळून आला की माझ्या ओठांतले खिळे खाली पडले. फळीच्या मागून. आतल्या फळीच्या नाही, बाहेरच्या. माझ्या नाकासमोरच्या फळीच्या अगदी मागून.

लाकडी घरात आवाज फिरतो. पोकळीतून कुठलाही कुठे येतो. लहानपणी आम्ही एका खोलीत कुजबुजायचो आणि वडील भलत्याच खोलीतून दम द्यायचे. मी हे सगळं स्वतःला सांगितलं, मग खिळे गोळा केले आणि जरा वर ठोकले.

पत्रा पुरा झाला तेव्हा भिंत एखाद्या डब्यासारखी दिसत होती. मी चहा टाकायला आत गेलो.

६

कोठीत मेना नव्हती. गोधडी होती, तिच्यावर खळगा होता. एवढासा खळगा, मांजराला पुरेल. खाली तिच्या सपाता जोडीने ठेवलेल्या.

मागचं दार पश्चिमेच्या भिंतीतच आहे. मी सकाळभर त्याच्यासमोर होतो. पुढच्या दाराची कडी गंजलेली, माझ्याच्याने दोन हातांनी निघते, आणि ती आतून लागलेली होती. मी हाका मारत घरभर फिरलो. घरात माणूस हरवलं की आपण हळूहळू अशा जागा बघायला लागतो जिथे माणूस मावणार नाही. मी पलंगाखाली पाहिलं, मग कपाटात, मग धुण्याच्या टोपलीत. मी ओव्हन उघडला. ओव्हनच्या उघड्या दारासमोर उभा असताना मला स्वतःची इतकी चीड आली की मी ते दार लाथेने बंद केलं आणि पुन्हा कोठीत जाऊन गुडघ्यांवर बसलो.

गोधडीच्या फळीमागे, भिंतीच्या तळाशी, भिंतीची आतली एक फळी किंचित सरकली होती. फटीत माझी मूठ जात नव्हती. फटीच्या कडा गुळगुळीत होत्या. एका कडेला निळ्या लोकरीचा धागा अडकला होता.

माणूस इथून जाऊ शकत नाही, हे मी मोठ्याने म्हणालो. कोणीतरी ऐकावं म्हणून.

तेवढ्यात बाहेर पक्षी पत्र्यावर आले. पत्र्यावर त्यांच्या नख्यांना पकड मिळेना. घसरायचे, किंचाळायचे, पुन्हा यायचे. सगळी टोळी होती. मग, कोणी दम दिल्यासारखे, एकदम गप्प झाले. एकच जण, बहुधा खिडकीच्या चौकटीवर, टकटक करू लागला. मग थांबला, ऐकण्यासाठी.

भिंतीच्या आतून उत्तर आलं. बोटाच्या पेराचं. तिचं टकटक करणं मी ओळखतो. पण पूर्वी त्यात तोरा असायचा. आता ते घाईचं होतं, एकामागून एक, न थांबता.

मी पहार घेऊन धावलो. पत्रा कसा निघाला ते सांगता येणार नाही. हाताला अजून पट्टी आहे. पत्र्यामागची फळी उचकटली आणि फळं आली. सळसळत, धो धो, माझ्या गुडघ्यांवर, बुटांत, कित्येक वर्षांची, काळी पडलेली, भुगा झालेली, आणि त्यांच्या मागून कालपरवाची हिरवट. मग ओघ थांबला. फळं संपली म्हणून नाही. आतली घट्ट बसली होती म्हणून.

दोन खांबांमधल्या त्या पोकळीत ती एकमेकांत अशी बसवली होती की मध्ये सुरीचं पातंसुद्धा जाऊ नये. आणि त्यांच्या मधोमध, तितकीच घट्ट, निळी लोकर होती. लोकरीत जे होतं ते मी मेना म्हणून ओळखलं, कारण ते माझ्याकडे त्रासलेल्या नजरेने बघत होतं. याहून जास्त मी पाहिलं नाही. जे पाहिलं त्याचं माप मी सांगणार नाही. मापं सांगण्यातच माझं आयुष्य गेलं, हे एक माप सोडून.

"श्वास कोंडत होता पत्र्याने," ती म्हणाली. आवाज मात्र पुरा होता, पूर्वीएवढाच. "आता फळी लाव. वारा येतो."

"बाहेर ये, मेना."

"अन्सेल्मो."

"बाहेर ये म्हणतो."

"इथे कोणी मला ओढत नाही," ती म्हणाली. "फळी लाव, बाळा."

बाळा. ती मला बाळा म्हणाली. मी फळी लावली.

७

शनिवारी डॅरेल आला. सोबत एक नर्स, आणि खरोखरच एक ॲम्ब्युलन्स. अंगणात पत्रे वाकडेतिकडे पडले होते, ओकफळं घोट्याभर पसरली होती, आणि मी भिंतीसमोर स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून बसलो होतो.

"आई कुठे आहे?"

"घरात आहे," मी म्हणालो. आणि ते खरं होतं.

तो आत गेला. दारं उघडल्याचे, आपटल्याचे आवाज आले. पुढची खोली, शिवणाची खोली, कोठी. मग पुन्हा पुढची खोली. नर्स माझ्यापाशी थांबली होती, माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "हे बांधून देऊ का, आजोबा?" मी तिला नको म्हणालो, मग हो म्हणालो.

डॅरेल बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात त्या सपाता होत्या.

"मामा, शेवटचं विचारतो. आई कुठे आहे?"

त्याने ती कशी आहे असं विचारलं असतं, तर मी कदाचित त्याला भिंतीपाशी नेलं असतं. पण त्याने पुन्हा कुठे आहे तेच विचारलं, हरवलेल्या सामानासारखं. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. त्याचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला आणि ज्या शब्दापाशी तो गुरुवारी थांबला होता, तो शब्द, छळ, त्याने आता उच्चारला. मग सपाता छातीशी धरून तो गाडीकडे गेला आणि शेरीफला फोन लावू लागला. नर्सही त्याच्यामागे गेली. चालताना एकदा वळून माझ्याकडे पाहिलं.

पक्षी भिंतीवर परतले होते. वरपासून खालपर्यंत, माना कलत्या करून, चिडीचूप. मी खुर्चीवरून उठलो तर त्यांतला एकही उडाला नाही. पिवळ्या कड्याच्या त्या पक्ष्याला मी हाताने बाजूला केलं. तो सरकला, एवढंच.

मी भोकाला तोंड लावलं आणि काल दिवसभर आणि रात्रभर जे साठलं होतं ते सगळं बोललो. लाज नाही वाटत तुला, म्हणालो. मी सगळ्या जगाशी वैर घेतलं, आता तो शेरीफ मला नेईल, आणि तू आत पाय पोटाशी घेऊन आरामात बसली आहेस. एका शब्दाने विचारलं नाहीस. तुझं बसलं, पण माझं काय? एवढं मोठं घर मी एकट्याने काय करू? त्यात एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला चहा. तू कायमची अशीच होतीस. आधी स्वतःची जागा बघायची. मी बोलत होतो आणि माझ्याच तोंडचा वारा भोकातून परत माझ्या तोंडावर येत होता. त्याला सुक्या फळांचा आणि लोकरीचा वास होता. मागे गाडीपाशी डॅरेल माझ्या घराचा पत्ता सांगत होता, अक्षर अक्षर सुटं करून.

मी दम घ्यायला थांबलो.

आत, जिथे पात्यालाही जागा नव्हती, तिथे काहीतरी हललं. ओकफळं एकमेकांवर घासल्याचा बारीक आवाज आला, भरल्या बाकावर एखादी म्हातारी दुसऱ्यासाठी अंग चोरून सरकते तसा. मग तो आवाज थांबला. माझ्या तोंडासमोरचं भोक आता थोडं अधिक काळं दिसत होतं, आणि आत, मेनाच्या शेजारी, जागा झाली होती.